तासाला शंभर माणसं

"नुसती टाचणी टोचून काही व्हायचं नाही, काका," रालित्सा हळू आवाजात म्हणाली.

वेलिझारचा हात नकाशावरच थबकला. नगरपालिकेनं वाचनालयाच्या सभागृहात टेबलभर नकाशा पसरला होता. प्लोव्हदिव्ह शहराहून येणाऱ्या चौपदरी रस्त्याचं पुढच्या वीस वर्षांत काय करायचं, ते गावकऱ्यांनी रंगीत टाचण्या टोचून सांगायचं होतं. कुणाला झाडं हवी होती, कुणाला बाक, फरशीच्या दुकानवाल्याला गाड्या लावायला जागा. वेलिझारचं मागणं एवढंसं होतं. गाद्यांच्या दुकानासमोर रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे आणि एक दिवा.

"मग काय करू, पोरी?"

"मी रस्ते खात्यात इंजिनिअर आहे. आमच्या साहेब लोकांना आकडा कळतो, बाकी काही नाही. पुढच्या गुरुवारी मी तिथं बसून माणसं मोजणार आहे. तासाला शंभरावर माणसं रस्ता ओलांडताना दिसली, तर खात्याला काहीतरी करावंच लागतं."

"आणि नाही दिसली तर?"

"तर वीस वर्षं थांबा."

वेलिझारला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. थांबायचं म्हणजे किती थांबायचं माणसानं!

रस्त्याच्या अलीकडे गाव, पलीकडे दुकानांची रांग आणि तिच्यामागे शुश्रूषागृह. तिथं त्याची बायको बोझुरा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ती दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नसे. नर्सबाईंनी हात टेकले होते. म्हणून रोज दुपारी हा घेवड्याच्या सूपची बरणी फडक्यात गुंडाळून निघे. सगळ्यात जवळचा सिग्नल दीड किलोमीटर लांब, आणि त्याच्या गुडघ्यांना तेवढी चाल झेपत नव्हती. मग निम्मा रस्ता पळत, दुभाजकावरच्या गवतावर दम खात, उरलेला पुन्हा पळत. ज्या दिवशी तो पोचला नाही त्या दिवशी ती उपाशी राही.

त्यानं आधी न्हावी त्स्व्यात्कोला गाठलं.

"तासाला शंभर?" त्स्व्यात्को म्हणाला. "अरे म्हाताऱ्या, अख्ख्या गावात शंभर धड गुडघे तरी सापडतील का?"

"शंभर कशाला? पंचवीस माणसं पुरे. तीच परत परत जातील."

त्स्व्यात्कोनं दोनदा कात्री वाजवली. "टोप्या बदलाव्या लागतील," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी दहाला सगळे हजर. गायनमंडळाच्या बायका रिकाम्या पिशव्या घेऊन आल्या. त्यातल्या निम्म्याजणींना बोझुरानंच गायला शिकवलं होतं, तेव्हा त्यांना फार सांगावं लागलं नाही. निवृत्त मंडळी कोटाच्या खिशात जास्तीची टोपी कोंबून आली. मग सुरू झाली ये-जा.

रालित्सा घडीच्या खुर्चीवर मोजणीचं यंत्र घेऊन बसली होती. तिसऱ्या फेरीला तिनं गायनमंडळातल्या स्तोयनाबाईंना अडवलं.

"आजी, मघाशी तुमचा रुमाल निळा होता."

"ती माझी बहीण, बाळा."

"आणि हिरव्या रुमालातली?"

"आईला मुली फार झाल्या."

रालित्सानं हसू गिळलं आणि बटण दाबलं.

तीनच्या सुमाराला मात्र सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकला. एका ट्रकनं करकचून ब्रेक मारला आणि स्तोयनाबाई मधल्या गवतावर कोसळल्या. नशीब, नुसतं खरचटलं. वेलिझार धावला, म्हणाला, "बाई, बास झालं, घरी जा." त्यांनी गुडघे झटकले आणि उलट त्यालाच दटावलं, "तू गप रे. बोझुरासाठी अजून चार फेऱ्या सहज होतील." झाल्याही. रालित्सानं ट्रकचं सगळं वहीत टिपून घेतलं.

चार वाजता ती उठली. आकडा निघाला तासाला एकशे चौऱ्याऐंशी.

"काका, एक विचारायचं राहिलं. सिग्नलकडून कुणीच जात नाही?"

"एक माणूस नाही," वेलिझार छाती फुगवून म्हणाला. "लिहून घे. एकसुद्धा नाही."

तिनं लिहून घेतलं.

तीन महिन्यांनी पुन्हा सभा भरली. खात्याचे मोठे अधिकारी स्वतः आले होते. ते म्हणाले, "वीस वर्षांचा आराखडा होईल तेव्हा होईल. पण गाद्यांच्या दुकानासमोरची परिस्थिती बघून आम्ही हादरलो. अशी जागा सबंध रस्त्यावर दुसरी नाही. तिथला धोका कायमचा मिटवायचं ठरलं आहे. काम सोमवारी सुरू."

लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. स्तोयनाबाई रडायलाच लागल्या. त्स्व्यात्कोनं वेलिझारला उचलायचा प्रयत्न केला आणि त्याची स्वतःचीच कंबर धरली. त्या गडबडीत पुढचं काही विचारायचं कुणाला सुचलं नाही. रालित्सा मागच्या रांगेत मान खाली घालून बसली होती. पोर लाजते आहे, असं वेलिझारला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बोझुराला एकेक चमचा भरवत सगळं सांगितलं. "आता मी रमतगमत येणार बघ. गाड्या माझ्यासाठी थांबणार. सूप गरम मिळेल तुला." तिला बोलता येत नसे. तिनं त्याचं बोट घट्ट धरलं. आपण हिच्यासाठी काहीतरी केलं, या विचारानं म्हाताऱ्याचा ऊर भरून आला.

सोमवारी तो जरा लवकरच निघाला. अंगात स्वच्छ सदरा, हातात बरणी. रस्त्याच्या मधोमध मजूर खड्डे खणत होते. गाड्या हळू चालल्या होत्या, त्यामुळे तो पळापळ न करता मधल्या गवतापर्यंत पोचला.

"पट्टे कुठून कुठवर येणार?" त्यानं मुकादमाला विचारलं.

"कसले पट्टे, आजोबा?" मुकादमानं कपाळावरचा घाम पुसला. "इथून तासाला एकशे चौऱ्याऐंशी माणसं जीव द्यायला धावतात म्हणे. या सिग्नलपासून त्या सिग्नलपर्यंत लोखंडी जाळी ठोकतोय, दोन मीटर उंच. तुम्हाला पलीकडे काही काम असेल तर आज संध्याकाळपर्यंत उरकून घ्या."