पहिल्या नंबरचं गाणं

वर्षातली दहा आवडती गाणी नाडकर्णी दर डिसेंबरात डायरीत लिहीत. यंदा पहिल्या नंबरच्या गाण्याचं नावच त्यांना ठाऊक नव्हतं. रोज सकाळी वरच्या मजल्यावरून ते बासरीवर ऐकू यायचं आणि ऐन रंगात आल्यावर क्षणभर थांबायचं. त्या थांबण्यावरच तर नाडकर्णी फिदा होते.

शेवटी जिना चढून त्यांनी बेल वाजवली. "तुमचं ते मध्येच थांबणारं गाणं कुठलं हो?"

सावेबाई हसल्या. "आमच्या शाळेतली प्रार्थना! ती कुठली थांबतेय, मलाच दम लागतो. न्यूमोनियानंतर डॉक्टरांनी बासरी फुंकायला सांगितलीय. बसा, ऐकवते."

थांबायची जागा जवळ आली तसा नाडकर्णींनीच श्वास रोखला. बासरी थांबली नाही.

"जमलं हो, जमलं!" बाईंचे डोळे भरून आले.

नाडकर्णींनी मनापासून टाळ्या वाजवल्या. त्यांचं आवडतं गाणं आता पुन्हा कधीच ऐकू येणार नव्हतं.