एक वाजताचा फोन

सरकारी आवाज-भांडारात गावातल्या प्रत्येकाचे फोन साठवलेले असत. इंदुमती खरवडे आपल्या दिवंगत नवऱ्याचे फोन ऐकायला आल्या होत्या. अकरा वर्षं तो साखर कारखान्यातून रोज दुपारी एक वाजता फोन करायचा. यादीत मात्र एक्केचाळीसच फोन होते.

"बाकीचे पुसलेत का गं?"

"नाही मावशी," ऑपरेटर शमीम म्हणाली. "जागा वाचवायला मशीन हुबेहूब सारखा आवाज टेपवर एकदाच ठेवतं. पुन्हा तोच आला, की नुसती खूण करतं. काका रोज अगदी त्याच सुरात विचारायचे, 'जेवलीस का?'"

इंदुमतीबाईंना हसू आलं. "मग हे बाकीचे चाळीस?"

"ते शेवटच्या चाळीस दिवसांचे. प्रश्न तोच, पण आवाज रोज थोडा वेगळा. दम लागल्यासारखा."

नवरा अचानक गेला, असं इंदुमतीबाई तीन वर्षं सगळ्यांना सांगत आल्या होत्या.

"आणि माझं उत्तर?" त्यांनी हळूच विचारलं.

शमीमने यादी खाली सरकवली.

"तुमचं 'हो, जेवले' शेवटपर्यंत एकच आहे, मावशी."