दोनदा दाबायचा ब्रेक

मालगुजार नानाजींनी आपली जुनी विलायती गाडी विकायला काढली, तेव्हा तिचं इंजिन ठकठक आवाज करत होतं आणि ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय लागत नव्हता. "जागेश्वर, गिऱ्हाइकाले काई कळू देऊ नको गा," ते ड्रायव्हरला म्हणाले. बावीस वर्षं त्यांचं मीठ खाल्लेल्या जागेश्वरनं आवाज दबावा म्हणून इंजिनात जाड तेल ओतलं, चाचणीला गाडी स्वतःच चालवली आणि सक्करदऱ्यापर्यंत गुपचूप दोनदोनदा ब्रेक दाबत राहिला.

"गाडी झकास आहे," वकील केशवराव खाली उतरत म्हणाले. "पण हा ड्रायव्हरही सोबत द्या. उद्या बायकोपोरांना घेऊन चिखलदऱ्याच्या घाटात जायचं आहे."

जागेश्वरनं मालकाकडे पाहिलं.

 

नानाजींनी त्याच्याकडे न बघताच किल्ली केशवरावांच्या हातावर ठेवली. "न्या की!"