पन्नास-पन्नास

पंचांनी यंत्रातून निघालेला कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. "दोन्ही संघांना पन्नास-पन्नास टक्के. सामना खेळावाच लागेल."

आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल बावीस वर्षांत कुणी खेळलं नव्हतं. मुलींनी रांगेत येऊन उडी, धाव आणि नेम मोजून द्यायचा, यंत्राने विजेता सांगायचा, की झाली स्पर्धा. कोर्टवर प्राध्यापकांच्या स्कूटर लागायच्या. त्या हलवण्यातच आज पाऊण तास गेला होता.

शेवटचा खरा सामना प्रशिक्षक कारखानीस मॅडम स्वतः खेळल्या होत्या. त्यात फुटलेल्या ढोपराचा व्रण अजून होता. गेला तासभर त्या मुलींना खेळ समजावत होत्या आणि मुली माना डोलावत होत्या.

शिट्टी वाजली. चेंडू मॅडमच्या कप्तानाकडे, मृण्मयीकडे आला. ती रिंगसमोर जाऊन उभी राहिली आणि मोजणीच्या वेळी धरायची तसा सावकाश नेम धरू लागली. बाकीच्या नऊजणी, दोन्ही संघांच्या, तिच्यामागे शहाण्यासारख्या रांगेत उभ्या राहिल्या.

मॅडमचा संयम सुटला. चेंडू आपल्याच मुलीकडे आहे हे विसरून त्या रांगेतल्या पहिल्या, समोरच्या संघातल्या मुलीवर ओरडल्या, "अगं, बघत काय उभी राहिलीस? अडव तिला!"

त्या मुलीने चमकून मागे पाहिलं.

"असं कसं, मॅडम? तिचा नंबर आहे."