जाखमातेची विहीर

तिसराही खड्डा कोरडा निघाला, तेव्हा जालिंदरनं जेसीबी बंद केला आणि जेवणाचा डबा उघडला.

रिहे गावची सरपंच वैभवी बांधावर उभी राहून घाम पुसत होती. जाखमातेची विहीर ह्याच माळात कुठंतरी होती. पन्नास वर्षांपूर्वी रस्ता झाला, त्याची सगळी दगडमाती तिच्यात लोटली गेली आणि विहीर गडप झाली. आता सोमवारी नवा मालक जागेला भिंत घालणार होता. त्याआधी विहीर सापडली तर तेवढी जागा सोडीन, असा शब्द त्यानं दिला होता. आज शनिवार होता.

"हितंच हाय," गावातल्या म्हाताऱ्या हैबतरावांनी काठीनं चौथी जागा दाखवली. "जांभळीच्या बुडाला. मी शंभरदा उतरलोय."

जांभूळ तोडूनही जमाना झाला होता.

अनुसयाबाई नातीला, धम्मदीपाला घेऊन सहज बघायला आली होती. मघापासून ती पदराआड हसत होती. शेवटी तिला राहवेना.

"तितं न्हाई ती."

हैबतराव वळले. "तुला गं काय ठावं? तू कवा उतरलीस?"

बोलून गेले, आणि त्यांनाच कसंतरी झालं. ते काठीकडं बघत राहिले.

"मी कुटली उतरतीय," अनुसयाबाई म्हणाली. "तुमी यायचा, पानी भरायचा, जायचा. आमी आईसंगं लांब बसून ऱ्हायचो, कुनी आमच्या घागरीत वतंल म्हनून. सकाळची दुपार व्हायची. तवर विहिरीकडंच बघत बसायचं. दुसरं काय काम?"

ती गवतातून वाट काढत एका चपट्या खडकाशी गेली. त्यावर बसली, समोरच्या खिंडीकडं तोंड केलं, मान जरा डावीकडं वळवली. मग उठून सरळ चालू लागली. वीसेक पावलांवर थांबून तिनं टाच आपटली.

"जालिंदर, हितं. आन् दमानं रं, पायऱ्या हायेत."

तासाभरात जेसीबीचा दात घडीव दगडावर खर्रकन घासला. अंधार पडायच्या आत चार पायऱ्या उघड्या झाल्या. जालिंदर खाली उतरून त्या हातानं पुसत बसला.

मालकानं तेवढी जागा सोडली, आणि पुढं आठवडाभर अख्खं गाव दगडमाती उपसत होतं. तळाला स्वच्छ पाणी साठलं, त्या सकाळी हैबतरावच सगळ्यांसमोर म्हणाले, "पयलं पानी अनुसयेला." वैभवी तांब्या घेऊन लगबगीनं उतरायला लागली.

"ऱ्हाऊ दे गं पोरी," अनुसयाबाई म्हणाली. "वतलेलं लई पिलंय."

धम्मदीपाच्या खांद्यावर हात ठेवून ती एकेक पायरी उतरली. शेवटच्या पायरीवर तिनं तो हात काढून घेतला, वाकली, आणि ओंजळ भरून पाणी प्यायली.

"गोड हाय का गं?" हैबतरावांनी वरून विचारलं. गुडघ्यांमुळं त्यांना उतरता येत नव्हतं.

अनुसयाबाईनं तोंडातलं पाणी जरा घोळवलं.

"छ्या. आपल्या नळाचं बरं हाय," ती म्हणाली, आणि तिनं दुसरी ओंजळ भरली.