दंडारीतली तपासणी

नवेगाव बांधाच्या तलावाबाजूला दिवाळीनंतरची मंडईची जत्रा भरली होती, भर दुपारी दंडारीचं लोकनाट्य ऐन रंगात आलं होतं, आणि पडद्यामागे डॉक्टर केवलराम घामाघूम झाले होते.

दंडारीत डॉक्टर म्हटला की केवलराम. पण खेळ लिहिणाऱ्या दुर्गेशनं यंदा त्यांच्या तोंडी एक तपासणी घातली होती: इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफी. शब्द असा लांब, की डोकं कोहमाऱ्याला पोचलं तरी शेपूट सालेकशातच वळवळत राहावं. अडखळले, तर पुढल्या सालापासून डॉक्टर टिंकू, असं ठरलंच होतं. टिंकू यंदाचा पेशंट. खाटेवर पडल्या पडल्या तोही तो शब्द ओठांत घोळवत होता.

"आबाजी, अख्खा कायले गिळून राहिले?" नर्सिंग शिकणारी नात गुंजन म्हणाली. "तोडा त्याले. इलेक्ट्रो म्हणजे करंट. एन्सेफॅलो, मेंदू. ग्राफी, लिहिणं. मेंदूतला करंट कागदावर लिहून काढते, झालं!"

"अन् मधातला तो एन्से... का तं?"

"त्याचे चार घास करा. एन्, से, फॅ, लो."

पडदा सरला. केवलराम ऐटीत शिरले, टिंकूची नाडी धरली आणि गरजले, "याची करा लागते इलेक्ट्रो..."

पुढचं गायब.

टिंकूनं एक डोळा उघडला. पण दंडारीत मागे झिलकरी उभे असतात. पुढचा गडी जिथं दम घेईल तिथून बोल उचलायचा, एवढंच त्यांना ठाऊक. कानावर हात ठेवून त्यांनी सूर लावला, "इलेक्ट्रोऽऽ, जी जी!"

तेवढ्यात केवलरामांना मेंदू सापडला. टिंकूच्या टाळक्यावर टिचक्या मारत ते म्हणाले, "एन्! से! फॅ! लो!" टिचक्या ढोलकीनं उचलल्या, बोल झिलकऱ्यांनी. मग बोटानं हवेत ही मोठी सही ठोकून त्यांनी शेवट केला, "ग्राफी!"

आकाशपाळणा जागीच थांबला. बांधातली बदकंसुद्धा ग्राफीवर बरोब्बर समेला आली म्हणतात.

या गलबल्यात टिंकू खेळात लिहिल्याप्रमाणे मरून गेला.

"वन्स मोअर!" पुढं बसलेल्या पार्वताबाई ओरडल्या. त्यांच्यामागून अख्खी मंडई.

केवलराम खाटेवर वाकले. "टिंकू, जित्ता हो बावा. पब्लिक मांगून राहिली."

टिंकू उठला, पांघरूण झटकलं, पुन्हा आडवा झाला आणि कण्हू लागला.