भरलेली टाळू

अख्ख्या एकोडी गावात तान्ही लेकरं तेल लावून न्हाऊ घालावीत ती देवकाबाईनंच. इतरांची टाळू भरायला वर्ष लागतं. रुखमिणीच्या लेकाची तिनं दोन महिन्यांत भरून दाखवली, म्हणून लेकाच्या घरच्यांनी देवकाबाईला मानाचं लुगडं नेसवलं होतं. तेव्हाच तिच्या बोटांना त्याच्या टाळूवर हाडाचा कंगोरा खटकला होता. पण लुगडं घेऊन उलटं बोलायचं कसं? आज तेच लुगडं नेसून ती ओसरीवर बसली, तोच रुखमिणी नागपूरहून आली. कडेवरच्या दीड वर्षाच्या लेकराची नजर गेलेली. “डाक्टर म्हणे, कवटीची हाडं वेळेआधीच जुळली, आत दाब वाढून नजर गेली. तेलाचा दोष नाही. पण तवाच आणला असता तं डोळे वाचले असते.” देवकाबाईनं सुस्कारा सोडला. “म्हंजे माह्या हाताचा दोष नाही!” रुखमिणीनं लेकरू तिच्या मांडीवर निजवलं, तेलाची वाटी पुढे सरकवली. “टाळू तुमीच भरली, मावशी, आता तुमीच खोलून द्या.”